झाकणावरची बैठक

आमच्या घरमालकीणबाई भांडायला निघाल्या की काखेत चटई घ्यायच्या. छत्री, पिशवी, चष्म्याची डबी यांतलं काहीतरी हमखास घरी राहायचं, पण चटई कधी विसरली नाही. साधी गवताची, कडेला हिरवी पट्टी असलेली, मध्यभागी बसून बसून काळवंडलेली. नळाला पाणी येत नाही म्हणून कचेरीत जायचं असो, नाहीतर रेशनच्या दुकानदाराला जाब विचारायचा असो, या बाई आधी दाराशी चटई अंथरायच्या, डोळे मिटून अर्धा तास बसायच्या, मग चटई गुंडाळून आत जायच्या आणि कडाकडा भांडायच्या. भांडून बाहेर आल्या की पुन्हा चटई, पुन्हा डोळे बंद. "आधीचं बसणं राग उतरवायला, नंतरचं गर्व उतरवायला," असा त्यांचा हिशेब होता. कचेरीतले कारकून त्यांच्या भांडणाला फारसे भीत नसत. त्या आधीच्या अर्ध्या तासाला भीत. दाराशी कुणी म्हातारी डोळे मिटून बसली आहे म्हटल्यावर आत बसलेल्या माणसाला चहा गोड लागत नाही.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणू लागले. नव्वदच्या दशकात मी नागपूरहून बंगळूरला एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला आले आणि मल्लेश्वरमला अक्कांच्या घराच्या मागच्या खोलीत राहिले. अक्कांच्या पणजोबांनी केव्हातरी महाराष्ट्र सोडला तो सोडलाच. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि मांजराशी दोन्ही भाषा चालत. माझ्या नागपुरी कानांना त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस हसू यायचं. "ये की ग आत. स्वल्प कॉफी घे. दमलीस काय? सरी, बस तर." अक्कांनी लग्न केलं नव्हतं. एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात उमर गेली. निवृत्त झाल्यावर आता काय करता असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "आयुष्यभर कागदावर सरळ रेघा काढल्या. आता गावातल्या वाकड्या दिसतात, काय करू?"

मी जन्मजात भित्री. पालीला भिते, साहेबाला भिते, फोन वाजला तरी दचकते. पहिल्याच महिन्यात अक्कांच्या हे लक्षात आलं. एकदा वीज गेली असताना मी स्वयंपाकघरात एकटी ओरडले, तेव्हा मेणबत्ती घेऊन आल्या आणि रागावतील असं वाटलं तर उलट शेजारी बसल्या.

"भीती वाटते?"

"हो."

"वाटू दे की. फक्त तिला घरी एकटी ठेवून कुठे जाऊ नको. बरोबर घेऊन चल. एकटी राहिली की घर खाते ती."

मला हे फार पटलं. त्यांना स्वतःला कशाचीच भीती वाटत नसणार, म्हणूनच इतकं शांतपणे सांगू शकतात, असंही वाटलं. तसं सगळ्यांनाच वाटायचं.

अक्कांकडे दोन तऱ्हेची माणसं यायची आणि ती एकमेकांना अजिबात आवडत नसत. रविवारी सकाळी सत्संगाची मंडळी, शुभ्र कपड्यांतली, हळू बोलणारी. संध्याकाळी झोळीवाली मंडळी, कामगारांच्या आणि वस्त्यांच्या कामातली, मोठ्याने बोलणारी आणि बिस्किटांचा डबा रिकामा करणारी. सत्संगातले एक निवृत्त प्राध्यापक दर रविवारी कळवळून म्हणायचे, "अक्का, तुमची इतकी साधना, आणि तुम्ही या चिखलात का उतरता? मनाची स्वच्छता बिघडते." अक्का कॉफी गाळता गाळता उत्तर द्यायच्या. "आंघोळ कशाला करतात हो? स्वयंपाक करायला. का आंघोळ करून नुसतं स्वच्छ बसून राहायचं?" मग संध्याकाळी झोळीवाल्यांतला कुणीतरी चिडवायचा की अक्का, डोळे मिटून जगात काही बदलत नाही. त्यालाही त्या सोडायच्या नाहीत. "आणि तुम्ही काय, हात न धुता पंक्तीत वाढणार?" दोन्हीकडची माणसं दुखावून जायची आणि पुढच्या आठवड्यात परत यायची, कारण कॉफी उत्तम असे.

गुरुवारी मात्र कुणी यायचं नाही. गुरुवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अक्कांचं मौन. देवघर म्हणजे एक लहानशी खोली होती, तिला आतून पितळेची जाड कडी. अक्का आत जाऊन कडी लावायच्या. मधे एकदा बाहेर येऊन केळं खायच्या, पुन्हा आत. खुणासुद्धा करायच्या नाहीत. हातवारे म्हणजे चोरून बोलणं, असं त्यांचं मत. घरातल्या सगळ्यांनी त्यांचं मौन सांभाळायचं असा रिवाज होता. दाराची घंटा मी कापडाने बांधून ठेवायचे, फुलं देणारी शांतम्मा हाक न मारता परडी जाळीत अडकवून जायची. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की गुरुवारी अक्का नाहीत असं समजायचं.

या शांतम्मामुळेच ते यशवंतपूरचं प्रकरण अक्कांकडे आलं. ती यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागच्या वस्तीत राहायची. वस्तीला लागून लहान लहान कारखाने. त्यांतला एक धातूच्या वस्तूंना मुलामा देण्याचा. वापरलेलं आम्लाचं पाणी तिथे मागच्या अंगणात जमिनीखालच्या टाकीत सोडत. टाकीवर लोखंडी पत्र्याचं झाकण, उचलायला दोन बाजूंना दोन सैल कड्या. तळाशी गाळ साचला की झाकण काढून वस्तीतल्या माणसांना दोराने खाली सोडायचं आणि बादलीने गाळ उपसायचा. खालची हवा विषारी. आदल्या वर्षी एक माणूस खालीच गेला, त्याला आधीपासून छातीचा आजार होता असं कारखान्याने सांगितलं. शांतम्माचा नवरा मुनियप्पा त्याच कामावर होता. तो खाली उतरायचा त्या दिवशी शांतम्माच्या हातून फुलं नीट ओवली जायची नाहीत. अक्कांनी एकदा विचारलं, माळ अशी विस्कटलेली का, आणि तिने दारातच रडत सगळं सांगितलं.

अक्का कारखान्यात गेल्या. गाळ उपसायचा पंप बाजारात मिळतो, तो घ्या, माणूस खाली सोडू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथला मॅनेजर, पांढऱ्या शर्टातला, अतिशय नम्र माणूस. त्याने त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं आणि हसून वाटेला लावलं. नकाशे काढणाऱ्या बाईला तो पंप किती सोपा आहे हे माहीत होतं, त्यामुळे त्यांना ते हसणं जास्तच लागलं. पण आधी बसायचं, मग भांडायचं हा नियम. त्यांनी शांतम्माला सांगून ठेवलं, "झाकण काढणार असं कळलं की मला निरोप दे. आणि कुणी उतरलाच तर कमरेला दोर बांधून. एक पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याला उतरू द्यायचं नाही, अजिबात. एकामागे दुसरा गेला की दोघं जातात."

निरोप आला तो एका शनिवारी. मला सुट्टी होती, म्हणून अक्कांनी छत्री धरायला मला बरोबर घेतलं. अंगणात कामगार जमले होते, पहार आणली होती. अक्का सरळ चालत गेल्या, झाकणावर चटई अंथरली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मांडी घालून डोळे मिटले. त्यांच्या वजनाने पत्रा जरासा वाजला, एवढाच आवाज. सगळे बघत राहिले. साठी उलटलेल्या ब्राह्मण बाईला हात लावून उचलायची कुणाची छाती होईना. मॅनेजर येऊन खाली वाकला. "अम्मा, एळी. उठा अम्मा, ऊन आहे." अक्का गप्प. ऊन चढलं, उतरलं. मी छत्री धरून उभी, पाय लटपटत होते, कुणीही येऊन आपल्याला ढकलून देईल असं वाटत होतं. संध्याकाळी कामगार घरी गेले तेव्हा अक्कांनी डोळे उघडले.

आणि मग त्यांनी ती चूक केली. चूक तरी कशी म्हणू? चटई गुंडाळत त्या मॅनेजरला अगदी शेजाऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "तुम्ही केव्हाही उघडा, मी येऊन बसेन. फक्त गुरुवारी नको हो. गुरुवारी माझं मौन असतं." तो मान तुकवून म्हणाला, "सरी अम्मा." परतताना रिक्षात मी म्हटलं, "अक्का, तुम्ही त्याला आपलं वेळापत्रकच देऊन आलात!" त्या हसल्या. "लपवालपवी करून बसायचं म्हणजे ते बसणं कसलं ग?"

त्यानंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर उभी राहू लागली. स्कूटरवर एक माणूस, काही करायचा नाही, नुसता आमच्या फाटकाकडे बघायचा. मी कामावरून परतताना वळणावर थांबायचे, तो आहे का बघायचे, असला तर मागच्या रस्त्याने लांबून यायचे. मग फोन सुरू झाले. उचलावा तर पलीकडे कुणी बोलत नसे, फक्त श्वास. मी दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा माझ्या हातातून पडला. तिसऱ्या वेळी गुरुवार होता आणि अक्का केळं खायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी फोन उचलला, कानाला लावला. मौन असल्यामुळे त्या बोलेनात. पलीकडचाही बोलेना. मी दाराशी उभी राहून बघत होते. बराच वेळ दोघंही गप्प. शेवटी तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला आणि अक्का रिसीव्हर जागेवर ठेवून देवघरात गेल्या. त्या संध्याकाळी मौन सुटल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. नंतर मला वाटलं, आम्ही त्या दिवशी हसायला नको होतं.

कारण मग तुळस जळाली. एका सकाळी मी दात घासत मागच्या अंगणात गेले तर वृंदावनातली तुळस काळी पडली होती. माती पांढरी फेसाळलेली, दगडाला फोड आल्यासारखे डाग आणि नाकाला झोंबणारा वास. तो वास मला कारखान्याच्या अंगणातून ओळखीचा होता. मी ओरडलेदेखील नाही. आम्ही झोपलेल्या असताना कुणीतरी भिंत चढून आत आलं होतं, माझ्या खिडकीवरून चालत गेलं होतं. ज्याने तुळशीवर आम्ल टाकलं त्याला पुढच्या वेळी कुणावर टाकायचं हे सांगावं लागत नाही. मी दिवसभर स्वतःच्या गालाला हात लावून बघत होते. पोलीस आले, बघून गेले. कुणाला पाहिलं का, विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं.

अक्कांनी काळी तुळस उपटली, माती बदलली, दगड घासला. डाग गेले नाहीत. झोळीवाले म्हणाले, अक्का, काही दिवस बहिणीकडे म्हैसूरला जा. अक्का नाही म्हणाल्या. त्या जरा जास्त शांत झाल्या एवढंच. त्यांचं बसणं वाढलं. पहाटे बसायच्या ते ऊन येईपर्यंत, संध्याकाळी पुन्हा. बोलणं कमी झालं. दुपारीसुद्धा पुढचं दार लावून घेऊ लागल्या. सत्संगाचे प्राध्यापक भारावून म्हणाले, "अक्कांची साधना फार वर गेली आहे. चेहरा बघा." मी बघितला. मलाही तसंच वाटलं. माझी नागपूरला परत जायची बॅग पलंगाखाली भरून तयार होती, आणि या बाई संकटातून आत आत चालल्या आहेत, असं मला वाटत होतं. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कारसुद्धा केला.

मग तो गुरुवार. मला ताप होता म्हणून रजेवर होते. सकाळी फाटक जोरात आपटलं आणि शांतम्मा धावत आत आली. परडी नाही, पदर सुटलेला. घंटेला कापड होतं म्हणून तिने दारावर मुठी मारल्या. "अक्का! बेगा बन्नी! मुच्चळ तेगेदिद्दारे!" एवढं कन्नड मला आता येत होतं. लवकर या, झाकण काढलं आहे. मॅनेजरने गुरुवार निवडला होता. त्याला अक्कांनीच सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी बसायला कुणी येणार नाही.

मी देवघराचं दार वाजवलं. "अक्का, शांतम्मा आली आहे. मुनियप्पा खाली उतरणार आहे." आतून काही नाही. "अक्का, दार उघडा. एवढं मौन मोडा, देव रागावणार नाही." शांतम्मा दाराला तोंड लावून ओरडत होती. कडी हलली नाही. आतून उदबत्तीचा वास येत होता, म्हणजे त्या आत होत्या, जाग्या होत्या. माझ्या मनात आलं, समाधी लागली असेल, ऐकू येत नसेल. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि रागाचीही भीती वाटली. इतक्या मोठ्या साधनेवर रागवायचं म्हणजे आपण कोण? शांतम्मा थांबली नाही. ती पायऱ्या उतरली तशी मी कोपऱ्यातली चटई उचलली आणि तिच्यामागे धावले. का उचलली ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा हात रिकामे नकोत म्हणून.

रिक्षात शांतम्मानेच माझा हात धरला. कारखान्याच्या अंगणात पोचलो तेव्हा झाकण बाजूला पडलं होतं. ज्यावर बसायचं तेच नव्हतं. काळं चौकोनी भोक, त्यातून दोर खाली गेलेला. दोर ताठ नव्हता. भोवतीची माणसं खाली वाकून मुनियप्पाला हाका मारत होती आणि खालून उत्तर येत नव्हतं. मुनियप्पाचा धाकटा भाऊ सदरा काढून उतरायच्या तयारीत होता, एक पाय आत टाकलेला. मला अक्कांचं ते एकच वाक्य आठवलं, एकामागे दुसरा नाही. "बेडा! बेडा!" एवढाच शब्द मला आला, नको, नको, आणि मी त्याच्या कमरेला मिठी मारली. शांतम्माने त्याचे केस धरले. तो आम्हाला शिव्या देत होता, रडत होता, आम्ही सोडला नाही. बाकीच्यांनी दोर ओढला. दोर मुनियप्पाच्या कमरेला होता, अक्कांनी सांगितल्याप्रमाणे. तो वर आला तेव्हा ओठ निळे होते आणि तोंडाशी फेस. मॅनेजर आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

मुनियप्पा जगला. पण त्याच्या छातीचं जे जळलं ते जळलंच, पुढे त्याला एक जिनाही सलग चढता आला नाही. त्या दुपारी मात्र तो जगणार की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. शांतम्माला इस्पितळात सोडून मी घरी आले. देवघराला अजून कडी होती. मी समोर जमिनीवर बसून राहिले. चटई माझ्या मांडीवर तशीच गुंडाळलेली होती. बाहेर ऊन उतरलं, दिवे लागायची वेळ झाली आणि कडी निघाली.

अक्का दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं चेहऱ्यावर काही तेज असेल. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांचा पहिला शब्द होता, "मुनियप्पा आहे?"

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही ऐकलंत?"

"पहिल्या हाकेपासून." त्या चौकटीला धरून खाली बसल्या. "शांतम्माचा पाय फाटकात वाजला ना, तेव्हापासून. उठायला गेले ग. पाय आलेच नाहीत. डोळे मिटले की ती तुळस दिसत होती, आणि तिच्या जागी माझं तोंड. मग मी मला म्हटलं, आज मौन आहे. किती बरं वाटलं म्हणून सांगू. देवानंच कडी लावून दिली म्हटलं."

त्या पुढे म्हणाल्या, "महिनाभर लोक सांगत होते, अक्का आत जातात, वर जातात. मी कुठे जात होते? लपत होते. बसणं तेच, चटई तीच. मला तरी कुठे कळला फरक? आज कळला."

मला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण त्याहून मोठी भीती वाटली. माझ्यासारखी बाई घाबरते त्यात नवल नाही. अक्का घाबरतात म्हटल्यावर या घरात, या शहरात आता धरायला काय राहिलं, असं वाटलं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "अक्का, आता मला कुणाकडे बघून धीर येणार?" अक्का उठल्या, तोंड धुतलं आणि इस्पितळात निघाल्या. मीही गेले.

शांतम्मा व्हरांड्यात जमिनीवर बसली होती. अक्का तिच्यासमोर बसल्या आणि जे मला सांगितलं तेच तिला कन्नडमध्ये सांगितलं, एक शब्द कमी न करता. "मी ऐकलं. मला भीती वाटली. मी आले नाही." शांतम्मा म्हणाली, "मलाही भीतीच वाटली होती, अक्का. म्हणून तर तुमच्याकडे आले होते." आणि तोंड फिरवून बसली. त्यानंतर काही दिवस आमच्या जाळीत परडी आली नाही. अक्का देवाची बिनफुलांचीच पूजा करत होत्या.

पुढच्या बुधवारी मी कामावरून आले तर अक्का स्टुलावर चढून देवघराच्या दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने काढत होत्या. आयुष्यभर यंत्रांचे नकाशे काढलेला माणूस, पण स्क्रू गंजलेले होते, हाताला फोड आला होता. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाल्या. कडी निघाली, ती त्यांनी कोळशाच्या पोत्यात टाकली. दारावर चार भोकं उरली, ती कधी बुजवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सूर्य उगवला आणि अक्कांचं मौन सुरू झालं. मी चहा ठेवला. बघते तर अक्का काखेत चटई घेऊन पुढच्या दारात उभ्या. मी म्हटलं, "अक्का, आज?" उत्तर अर्थातच नाही. टाकीतला गाळ अर्धाच निघाला होता आणि उरलेला काढायला आज झाकण उघडणार हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. स्कूटरवाला गल्लीच्या तोंडाशी होता. अक्का त्याच्यासमोरून चालत गेल्या. मी गॅस बंद केला, चप्पल घातली आणि निघाले. माझी भरलेली बॅग पलंगाखाली होती, ती मला रिक्षात बसेपर्यंत आठवत होती.

अंगणात नवी माणसं आणली होती, वस्तीतली नव्हेत. पहार झाकणाच्या कडीत अडकवलेली होती. अक्कांनी ती काढून बाजूला ठेवली, चटई अंथरली, बसल्या, डोळे मिटले. मॅनेजर आला. या वेळी तो अम्मा म्हणाला नाही. स्कूटरवाला मागून आला आणि त्याने हातातला प्लॅस्टिकचा कॅन अक्कांच्या गुडघ्याजवळ ठेवला. झाकण नव्हतं त्याला. तोच वास. तो नुसता उभा राहिला. अंगणात कुणी हलत नव्हतं.

मी अक्कांच्या शेजारी झाकणावर जाऊन बसले. धीट होते म्हणून नाही, उभं राहवत नव्हतं म्हणून. डोळे मिटायची माझी हिंमत झाली नाही, मी त्या कॅनकडे बघत बसले. थोड्या वेळाने मला एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला. टक टक टक टक, अगदी हलका, थांबत नसलेला. आधी वाटलं खाली टाकीत काही आहे. मग दिसलं की झाकणाच्या दोन्ही सैल कड्या पत्र्यावर वाजत होत्या. अक्का थरथरत होत्या. पाठ ताठ, डोळे बंद, ओठ मिटलेले, आणि मांडीपासून खांद्यापर्यंत सगळं अंग कापत होतं. पहिल्यांदा बसल्या त्या शनिवारीही असंच झालं असेल का? तेव्हा मी माझ्याच पायांच्या लटपटीत होते, मला ऐकू आलं नसेल.

ऊन चढल्यावर वस्तीतल्या बायका आल्या. पुढे शांतम्मा. ती अक्कांकडे न बघता त्यांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि मांडीवर परडी घेऊन माळ ओवू लागली. स्कूटरवाल्याने इतक्या बायका बघितल्या, मॅनेजरकडे बघितलं आणि कॅन उचलून नेला. तरी अक्का कापायच्या थांबल्या नाहीत. दिवसभर त्या कड्या वाजत राहिल्या, कधी जोरात, कधी हळू, आणि झाकण उघडलं नाही.

पुढच्या बऱ्याच गुरुवारी त्या तिथेच बसल्या. पावसाळ्यानंतर कारखान्याने पंप आणला. अक्कांमुळे, झोळीवाल्यांच्या अर्जांमुळे की दुसऱ्या कशामुळे, मला माहीत नाही. अक्का गेल्या तेव्हा मी नागपूरला होते, पण शोकसभेला आले. प्राध्यापक म्हणाले, साधनेने अक्का निर्भय झाल्या होत्या. झोळीवाले म्हणाले, लढ्याने अक्का निर्भय झाल्या होत्या. त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. शांतम्मा मागे उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं.

झाकणावरच्या त्या पहिल्या गुरुवारी सूर्य मावळला तेव्हा अंगणात आम्ही तिघीच उरलो होतो. अक्कांनी डोळे उघडले. शांतम्माने ओवलेली माळ मुकाट्याने त्यांच्या मांडीवर ठेवली. अक्कांनी ती उचलली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

"हात दे की ग," म्हणाल्या. "पाय अजून आले नाहीत."

मी एक हात धरला, शांतम्माने दुसरा. त्या उठल्या आणि कड्यांचा आवाज थांबला.